दोष देहाचा की वस्तीचा?

जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे उपदेश करण्याची खोड मला जडली आहे. मागल्या उन्हाळ्यात या खोडीनेच मला धडा दिला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर आपल्याच समाजातील एक मावशी राहतात. अंगाने जड, त्यात मधुमेह. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेले. पण मावशी घराबाहेर पडेनात. शेवटी मी त्यांना सुनावले, "मावशी, मनात आणले तर माणूस काय करू शकत नाही?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, मनात पुष्कळ आहे. पण चालू कुठं, ते तुम्ही सांगा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. आमचे गाव नेगेवमधले. कुपात होलिमपर्यंतच्या रस्त्यावर एक झाड नाही, पदपथावर मोटारी चढवून ठेवलेल्या, आणि गुडघे दुखले तर टेकायला बाक नाही. मी बाजारहाट मोटारीने करते. म्हणून इतकी वर्षे हे माझ्या डोळ्यांना दिसले नव्हते.

लहानपणी माझगावला एली कदूरी शाळेत आम्ही पायी जात असू. आमच्यात लठ्ठ मूल क्वचितच दिसे. पण त्यात आमचा मोठेपणा कसला? शाळा जवळ, वाणी कोपऱ्यावर, आणि मोटार होती कोणाकडे? ज्याला आपण आपला सद्गुण म्हणतो, तो पुष्कळदा आपल्या गल्लीचा गुण असतो.

अमेरिकन सरकारने १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील गरीब सरकारी वसाहतींत एक प्रयोग केला. मुलेबाळे असलेल्या ४,४९८ स्त्रियांत जणू चिठ्ठ्या टाकल्या. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याचे घर घेण्यासाठी मदत देऊ केली, काहींना केली नाही. आहार-व्यायामाचा उपदेश या प्रयोगात नव्हता. १० ते १५ वर्षांनी त्यांची तपासणी झाली व २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत देऊ केलेल्यांपैकी निम्म्याहून कमी स्त्रियांनी तिचा उपयोग करून घर बदलले होते. तरीही त्या गटात अतिलठ्ठपणाचे आणि मधुमेहाचे प्रमाण, प्रत्येकी, शंभरात चारांहून अधिक कमी निघाले. साध्या लठ्ठपणात मात्र ठळक फरक दिसला नाही. आणि हे दुकानांमुळे झाले, सुरक्षित रस्त्यांमुळे की मनावरचा ताण कमी झाल्यामुळे, हेही ठरले नाही. परंतु एवढे खरे, की या स्त्रिया चिठ्ठीने निवडल्या होत्या, सद्गुणाने नव्हे.

यावर कोणी विचारील, मग माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही काय? आहे तर. घास तोंडात घालणारा हात आपलाच असतो. मलाही जेवणानंतरचा हलव्याचा दुसरा तुकडा कोणी बळेबळे भरवीत नाही. पण निवड करायला आधी पर्याय हवा. विहिरीला दोर न लावता तहानलेल्याला आळशी म्हणणे, हा न्याय नव्हे.

आपल्या या देशात दर वर्षी एक दिवस याचा पुरावा मिळतो. योम किप्पूरला रस्त्यांवरून मोटारी नाहीशा होतात आणि मुलांच्या झुंडी सायकली घेऊन थेट हमरस्त्यावर उतरतात. मुले तीच, पाय तेच. आदल्या दिवशी हीच मुले दूरदर्शनसमोरून हलत नव्हती. बदलला तो फक्त रस्ता. आणि त्याच दिवशी सिनेगॉगमध्ये आपण पापांची कबुली देतो ती "मी" म्हणून नव्हे, "आम्ही" म्हणून. ज्याने चोरी केली नाही तोही सर्वांबरोबर छाती ठोकतो. मला वाटते, शेजाऱ्याच्या देहाच्या दोषातही आपला असाच वाटा असतो. मावशींच्या रस्त्यावर सावली नाही, याची कबुली त्यांनी एकट्यांनी का द्यावी?

सध्या आम्ही दोघी ऊन उतरल्यावर इमारतीभोवती फेऱ्या घालतो. त्या थकल्या की मी घरून आणलेली घडीची खुर्ची उघडते. बाकासाठी नगरपालिकेला अर्ज दिला असून त्यावर इमारतीतील सर्वांच्या सह्या आहेत. वाचक बंधुभगिनींनो, आपल्या शेजारी कोणी घराबाहेर पडत नसेल, तर उपदेश करण्यापूर्वी एकदा त्यांच्या रस्त्याने पायी जाऊन पाहा.