पुढे पाठवण्यापूर्वी

अम्मीच्या मोबाइलवर एकदा संदेश आला : बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडू, या नंबरवर लगेच फोन करा. बिल तर तिने आठवड्यापूर्वीच भरले होते. तरी तिचे हात कापू लागले. भीती आणि घाई, या दोहोंवरच फसवणुकीचा सारा धंदा चालतो.

निवडणुका आल्या की मतांसाठी येणारे कितीतरी संदेश यांनाच हात घालतात. अमक्यांपासून धोका आहे, आत्ताच सर्वांना कळवा ! १९०९ वर नोंद केली की जाहिराती कमी होतात. पैसे गेले तर तातडीने १९३० वर कळवता येते. पण आपणच पुढे ढकललेल्या अफवेला कोणता नंबर अडवणार?

ऑगस्ट २०१२ आठवा. रमजाननंतर मुसलमान हल्ले करणार, अशा संदेशांमुळे बंगळुरू, पुण्यातून ईशान्येकडील हजारो माणसे गावी निघाली. सरकारला सामूहिक एसएमएसवर पंधरा दिवसांची बंदी घालावी लागली. ते संदेश पुढे पाठवणाऱ्या अनेकांना ती आपल्या माणसांची काळजीच वाटली असेल.

तेव्हा खोटे आपल्याविषयी होते, म्हणून ते आपल्याला बोचले. मग इतरांविषयीचा तसाच मजकूर आपण शहानिशा न करता कसा पाठवतो? नकोसा संदेश खोडणे सोपे असते. हवाहवासा वाटणारा खोटा संदेश खोडताना माणसाची परीक्षा होते.

अम्मीने त्या रात्री आधी पावती शोधली, मगच मोबाइल बाजूला ठेवला. तेवढे तरी आपण करावे.