गप्प राहण्याची सोय

कोंकणी गायिका लॉर्ना कॉर्देरो सत्तरच्या दशकात गायची थांबली आणि लोकांसमोर पुन्हा उभी राहिली ती थेट १९९५ साली. मधल्या वर्षांबद्दल गोव्यात जितकी घरं तितके किस्से. पण किश्शांपेक्षा मला वेगळंच कोडं पडतं. ती गात नव्हती त्या वर्षांत तिचं नाव विरलं नाही, उलट वाढलं. लग्नात, ताव्हेर्नात, रेडिओवर, आखातातल्या खोल्यांमध्ये ‘बेब्दो’ वाजत होतं, ‘पिसो’ वाजत होतं. बाई गप्प आणि आवाज चालू. हे कलावंताचं भाग्य म्हणायचं की त्याच्यावरचा अन्याय?

लॉर्ना मुंबईच्या बँडांतून वर आली. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा मडगावचा ख्रिस पेरी तिला भेटला. तो गाणी रचायचा, बँड बांधायचा, आणि ती गायची. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये हे दोघं असले की लोक गर्दी करायचे. जॅझचा ठेका आणि कोंकणी शब्द यांचं इतकं बेमालूम लग्न त्याआधी कुणी लावलं नव्हतं. मग दोघांचं बिनसलं. दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, अशा कराराने ती बांधलेली होती, असं सांगतात. कागदावर काय होतं ते वकील जाणे; ती गायली नाही एवढं मात्र खरं. २०१४ च्या ‘नाचुंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटाने हीच गोष्ट नावं बदलून सांगितली.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपले चितळकर, म्हणजे पुणतांब्याचे सी. रामचंद्र, ‘अलबेला’त ज्या ठेक्यावर अख्ख्या देशाला नाचवत होते, त्यामागे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक होते. हॉटेलात रात्री जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं रेकॉर्डिंग, असा त्या मंडळींचा दिनक्रम. पडद्यावर नावं मात्र फार कमी जणांची झळकली. तो वेगळाच हिशेब आहे आणि अजून चुकता व्हायचा आहे.

जॅझ गाणाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे त्या रात्रीचा श्वास. चाल ठरलेली असते, पण कुठे रेंगाळायचं, कुठला सूर मोडून घ्यायचा, हे समोरचा ड्रमवाला आणि समोरची माणसं पाहून ठरतं. रेकॉर्ड या श्वासाला तीन-चार मिनिटांत कोंबते. म्हणून जुनेजाणते रेकॉर्डला नाक मुरडतात. पण लॉर्नाला तिच्या गप्प वर्षांत त्याच चकतीने तारलं. मुंबईत वाढलेल्या आशा पुथलीचंही तेच. १९७१ मध्ये जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी तिने दोन गाणी गायली, पुढे ‘स्पेस टॉक’ काढलं, आणि मग पुढच्या पिढीच्या हिप-हॉपवाल्यांनी त्या आवाजाचे तुकडे उचलून आपल्या गाण्यांत बसवले. गायिका न्यूयॉर्कमध्ये असो की आणखी कुठे, आवाज आपापला हिंडत राहिला. रेकॉर्ड असली की माणसाला गप्प राहण्याची सोय होते.

ही सोय पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या डोंगरात कुणाला नाही. दाभोशाला पावसाळ्यात येणारी मंडळी लेंडी नदीचा धबधबा बघतात, फोटो काढतात, स्पीकरवर गाणी लावतात आणि संध्याकाळी परततात. भात कापणीच्या दिवसांत याच पट्ट्यात तारपा वाजतो, तेव्हा यातलं कुणी नसतं. वाळवलेला लांबट दुधी भोपळा, त्याच्या बुडाला बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बांबूच्याच पातळ जिभा, सांधे मधमाश्यांच्या मेणाने बंद केलेले आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. फुंक तुटू द्यायची नाही. गालात साठवलेल्या हवेवर सूर धरायचा आणि तेवढ्यात नाकाने नवा श्वास आत घ्यायचा. सूर तुटला की नाचणाऱ्यांची पावलं अडखळतात, कारण एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरणारी ती साखळी तारपकऱ्याकडे पाठ करत नाही. त्याने चाळा, म्हणजे चाल, बदलला की पावलं बदलतात, मग तो रानोडी चाळा असो की मुऱ्हा. घोळकाठी, म्हणजे खुळखुळणारी काठी, घेतलेला माणूस साखळीच्या पुढे असतो खरा, पण हुकूम भोपळ्याचा.

‘तारपा म्हणजे आमचा जॅझ’ हे वाक्य भाषणात टाळी घेऊन जातं. मला ते फसवं वाटतं. उत्स्फूर्तपणा जगात सगळीकडेच असतो; त्यावरून नातं जुळवलं की दोघांचाही तपशील पुसला जातो. माझा मुद्दा उपजीविकेचा आहे. लॉर्नाचा आवाज विकला जात होता, म्हणून त्यावर करार होऊ शकला आणि म्हणूनच तो टिकलाही. तारपकऱ्याचा सूर गावाच्या सणाचा. कुणी त्याचा मालक नाही, त्यामुळे त्याला गप्प बसवायला कुणी कागद पुढे करत नाही. पण तो आपण होऊन गप्प झाला, तर त्याच्याऐवजी वाजणारंही काही नाही. वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडूनही वाजवत राहिले, स्वतः तारपे बनवत राहिले. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी वयाचं कौतुक केलं. मला ते कौतुक थोडं टोचलं. लॉर्नाला दोन दशकं थांबूनही परत यायला जागा होती. धिंडांच्या पिढीतला कुणी तितकी वर्षं थांबला असता, तर त्या वर्षांतली पोरं डीजेवर नाचायला शिकून मोकळी झाली असती.

यावर कुणी म्हणेल, मग रेकॉर्ड करा, मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. करावंच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी तारपकऱ्याभोवतीचा नाच चित्रात आणला, ती चित्रं जगभर गेली. सूर तेवढा पाड्यातच राहिला. पण रेकॉर्ड झालेला तारपा बहुधा सरकारी मंचावरचा दहा मिनिटांचा असतो, पाहुणे यायच्या आधी सुरू आणि दीपप्रज्वलनाला बंद. रात्रभर चालणाऱ्या गोष्टीचा हा नमुना पाहून कुणी तारपा शिकणार नाही. शिकायला लागतं ते वाजवणाऱ्याच्या शेजारी बसणं, हंगामामागून हंगाम. त्यासाठी पोराला ते दिवस वीटभट्टीवर किंवा भिवंडीच्या गोदामात घालवावे लागू नयेत. भाताचं काम संपलं की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, ही इथली जुनी गोष्ट आहे. मानधन ठरवायचंच असेल, तर वाजवणाऱ्या म्हाताऱ्याइतकंच शिकणाऱ्या पोरालाही ठरवा. आणि ध्वनिमुद्रण कराल तेव्हा त्यावर वादकाचं नाव, पाड्याचं नाव आणि ते कुठे वाजलं तर पैसे कुणाला मिळणार, हे आधी लिहून घ्या. मुंबईतल्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या त्या वादकांना हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.