मान राखायचा म्हणजे काय?

कॉलेजात वाद पेटला की कुणीतरी म्हणतो, 'एकमेकांचा मान राखून बोला.' हे ऐकलं की माझे कान टवकारतात. ज्यांनी आमच्या बापजाद्यांना तोंड उघडू दिलं नाही, त्यांच्याही तोंडी हेच असतं. त्यांच्या लेखी मान राखणं म्हणजे आम्ही आवाज खाली ठेवणं. तो मान आम्हाला नको.

मग चर्चेत मान कशाला म्हणायचं? 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचलं, घाबरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी माघार घेतली नाही. भाषण स्वतः छापलं. गांधींनी 'हरिजन'मधून टीका केली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि सोबत आपलं उत्तर. उत्तरात नरमाई नाही. पण विरोधकाचं म्हणणं वाचकापासून लपवलंही नाही. मी याला मान म्हणतो.

आता आपल्याकडं बघा. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर-गडचिरोलीची पोरं त्यात आली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. वादाला एवढं पुरे. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात दीक्षा घेतलेल्यांची आपण नातवंडं. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपल्या बावीसांत आहे. समोर गोंड पोरगा. त्याच्या पूजेत मोहाची दारू लागते. आपली मराठी धडाधड चालते, त्याच्या घरी गोंडी. दोन वाक्यांत तो गप्प होतो. आपली पोरं टाळ्या पिटतात, 'जिंकलो बाप्पा!'

काय जिंकलं? तो म्हणणार होता, देवाला वाहायची मोहाची आणि ठेकेदाराची बाटली एक नव्हे. आपण म्हणू शकलो असतो, घरात मार खाणाऱ्या बाईला दोन्ही सारख्याच. हा खरा वाद, तो झालाच नाही.

प्रतिज्ञा सोडा असं मी म्हणत नाही. पण त्याला गोंडीत बोलू द्या, कुणी मराठीत सांगेल. त्याचा मुद्दा आधी आपल्या तोंडानं असा मांडा, की तो म्हणेल 'हो, हेच'. मग खुशाल तुटून पडा. गप्प बसवलेला माणूस पटलेला नसतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

जय भीम!