बाजूला बसण्याचे मोल

शास्त्रीय गायनाच्या मैफलीत रसिकांचे डोळे गायकावर खिळलेले असतात. शेजारी पेटी घेऊन बसलेल्या माणसाचे नाव आरंभी एकदा घेतले जाते आणि बहुधा तिथेच विसरले जाते. अशा जागी एखाद्या प्रतिभावंताने सारे आयुष्य वेचावे, हे त्या आयुष्याचे सार्थक म्हणावे की नुकसान?

हा प्रश्न मनात येतो तो पंडित अप्पासाहेब जळगावकर यांच्या आठवणीने. त्यांचा जन्म 1922 सालचा, निजामाच्या राज्यातील जालन्याजवळच्या जळगाव या खेड्यातला. खानदेशातील जळगावशी त्याचा संबंध नाही. आरंभी त्यांनी गायनाची तालीम घेतली, पण नाव झाले ते पेटीच्या साथीने. अमीर खाँ, भीमसेन जोशी अशा थोरांच्या शेजारी त्यांची पेटी वाजली. 2000 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला आणि 2009 साली ते निवर्तले.

पेटी मूळची युरोपातली. पाश्चात्त्य मिशनऱ्यांबरोबर ती या देशात आली आणि आपल्या खेड्यापाड्यांतील देवळांत रुळली. तिचे स्वर बांधलेले असतात, गळ्याची मींड तिच्यातून निघत नाही, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने 1940 ते 1971 पर्यंत तिला दूर ठेवले होते. म्हणजे साथीदाराने जवळ केलेले वाद्यही उपेक्षितच!

तशाच काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पियानोचे भाग्य मात्र निराळे. पियानोवादक रंगमंचावर एकटा बसतो. एकट्याने संपूर्ण मैफल रंगवण्याची प्रथा 1840 च्या सुमारास फ्रान्झ लिस्ट या वादकाने रुजवली आणि सारा युरोप त्याच्यासाठी वेडा झाला. पण याच लिस्टने 1847 साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, मैफलींचा व्यवसाय सोडला. पुढे 1865 मध्ये त्याने धर्मसेवेच्या प्राथमिक पायऱ्यांची दीक्षा घेतली आणि उत्तरायुष्यात अनेक शिष्यांना विनामूल्य शिकवले. कीर्तीच्या शिखरावर असतानाच तो बाजूला सरला.

मग बाजूला असणे हाच श्रेष्ठ धर्म मानावा काय? इथे थोडे थांबावे लागते. आपल्या मराठवाड्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांना जन्माच्या आधारे वेशीबाहेर बसवले गेले होते. ते बसणे त्यांनी निवडलेले नव्हते. ते त्यांच्यावर लादले गेले होते. अशांना आणि त्यांच्या लेकरांना नम्रतेचे पाठ देणे म्हणजे अन्यायाला सद्गुणाचा अंगरखा चढवणे होय. घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या आईची आपण त्यागमूर्ती म्हणून स्तुती करतो, तेव्हा तिला दुसरा पर्याय होता का, हे आपण विचारतो काय?

उत्तराची वाट साथीच्या कलेतच सापडते. चांगला साथीदार अज्ञानामुळे गप्प नसतो. राग त्याला गायकाइतकाच ठाऊक असावा लागतो. गायकाची तान कुठे वळेल याचा अंदाज घेत तो निमिषभर मागे राहून चालतो; गायक श्वास घेतो तेव्हा ती पोकळी भरतो आणि गायक पुन्हा सूर लावताच मागे सरतो. आपले कौशल्य दाखवण्याचा मोह क्षणोक्षणी हाताशी असतो आणि क्षणोक्षणी तो आवरायचा असतो. हे मागे राहणे समर्थाचे आहे. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही आहे, तोच ते दुसऱ्याच्या सुरात मिसळू शकतो.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. त्या वेळी आपण गुरू आणि प्रभू असल्याचे त्याने नाकारले नाही. उलट तसे स्पष्ट सांगितले. आपण कोण आहोत हे पुरते जाणून तो खाली वाकला. म्हणूनच ते वाकणे लाचारी ठरले नाही, प्रेम ठरले. त्याच येशूच्या दृष्टान्तात मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाची धन्याने प्रशंसा केलेली नाही. स्वतःला पुरून टाकणे आणि स्वतःला वाहून देणे, या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात; पण त्यांच्यात मरण आणि जीवन यांच्याइतके अंतर आहे.

तेव्हा आपल्यापुढे दुहेरी कर्तव्य उभे राहते. ज्यांना समाजाने मागे ढकलले आहे त्यांना आधी पुढची जागा मिळवून द्यावी, त्यांच्या मुलामुलींच्या हाती विद्या आणि कला द्यावी. आणि ज्यांना पुढची जागा आयतीच लाभली आहे त्यांनी कधीतरी साथीला बसायला शिकावे. नम्रता मागायची ती स्वतःकडून. दुसऱ्याकडून ती मागण्याचा अधिकार कोणालाच नाही.

रविवारी मिस्साच्या वेळी देवळाच्या कोपऱ्यात कोणीतरी पेटीचा भाता हलवत असते. गायकवृंदाचा सूर घसरू लागला की तिथून हलकेच आधार येतो आणि गीत सावरते. मिस्सा संपल्यावर आपण फादरांना भेटतो, एकमेकांची खुशाली विचारतो आणि घरी जातो. पुढच्या रविवारी चार पावले त्या कोपऱ्याकडेही वळवावीत.