न जन्मलेल्यांचे ऋण

पितृऋणाचे स्मरण आपण पितृपक्षात करतो; पण पुढे जन्मास येणाऱ्यांचे जे ऋण आपण करून ठेवतो, त्याचा हिशेब कोणत्या पक्षात मांडावयाचा? फिनलंडमधील ओल्किलुओतो बेटावर २००४ पासून ‘ओंकालो’ नामक भुयार खोदण्यात आले. अणुवीजकेंद्रांतील वापरलेले इंधन तांब्याच्या भांड्यांत बंद करावयाचे, भोवती ओलाव्याने फुगून पाणी अडविणारी बेंटोनाइट माती ठासावयाची आणि सुमारे ४३० मीटर खोल, १८० कोटी वर्षांहून जुन्या खडकात ते पुरावयाचे, अशी ही योजना. त्यातील प्लुटोनियमचा किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यासच २४ हजार वर्षे लागतात.

खडकाचे शास्त्र आम्हांस पटते. मन अडते ते निराळ्याच ठिकाणी: तेथे धोक्याची पाटी ठेवावी काय? काहींच्या मते ठेवावी. काही म्हणतात, जागा विसरूच द्यावी, पाटीने कुतूहल मात्र वाढेल. पणजोबांचे मोडी कागद अवघ्या तीन पिढ्यांत आम्हांस वाचेनासे झाले, हे आठवून आम्ही प्रथम दुसऱ्या पक्षाकडे झुकलो. परंतु धनकोस वाचता येणार नाही, म्हणून ऋणाचा कागद लिहूच नये, असे म्हणण्याचा अधिकार ऋणकोस कसा पोचतो? पाटी असावी, असेच आम्हांस वाटते. तीमुळे कोणी खणील, हे भय मनात बाळगूनच.