रस्म उरते, अर्थ जातो

मर्व्हिन पीक हा इंग्रज लेखक आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. १९११ साली चीनमध्ये एका ख्रिस्ती मिशनरी डॉक्टरच्या घरी तो जन्मला आणि १९६८ साली इंग्लंडमध्ये वारला. तो चित्रकार होता, कवी होता. 'ट्रेझर आयलंड' आणि 'अ‍ॅलिस' या पुस्तकांसाठी त्याने काढलेली चित्रे नावाजली गेली. पण त्याचे नाव टिकले ते 'टायटस ग्रोन' (१९४६), 'गॉर्मनघास्ट' (१९५०) आणि 'टायटस अलोन' (१९५९) या तीन कादंबऱ्यांमुळे.

या कादंबऱ्यांना अद्‌भुतकथा म्हणतात, पण त्यांत जिन नाहीत, परी नाही, जादू नाही. आहे तो एक अवाढव्य किल्ला आणि त्यात रोज पाळले जाणारे रस्मरिवाज. किल्ल्याच्या मालकाने कोणत्या दिवशी काय करायचे, ते जुन्या ग्रंथांत लिहून ठेवलेले आहे. का करायचे, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. किल्ल्याच्या भिंतीबाहेर झोपड्यांतून राहणारे कारागीर वर्षभर लाकडात मूर्ती कोरतात. १ जूनला त्यांतल्या तीन निवडल्या जातात, उरलेल्या त्याच संध्याकाळी जाळतात. निवडलेल्या तीन मूर्ती ज्या दालनात जातात, तिथे त्या पाहायला कोणी फिरकत नाही.

या किल्ल्यात दोन बंडखोर आहेत. स्टीअरपाइक हा मुदपाकखान्यातून पळालेला पोरगा. तो मालकाचे ग्रंथालय जाळण्याचा कट रचतो. आपल्याला वाटते, हा जुने मोडणार. पण पुढे रस्मांचा अधिकारी असलेल्या म्हाताऱ्याचा खून करून तो त्याच्याच जागी बसतो. ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याच्या हाती रस्म हे सत्तेचे हत्यार होते. दुसरा बंडखोर टायटस, किल्ल्याचा वारस. तो स्टीअरपाइकला ठार करतो आणि सगळे सोडून निघून जातो. पण बाहेरच्या जगात त्याच्या किल्ल्याचे नावही कोणी ऐकलेले नसते. आपण कोण, हे सांगायला त्याच्यापाशी एक गारगोटी तेवढी उरते.

म्हणजे आंधळेपणाने पाळणे हाही मार्ग नाही, जाळणे हाही नाही. सोडून जाण्याचीही किंमत मोजावी लागते. मग माणसाने करावे काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. निकाहच्या वेळी मेहरची रक्कम भर मजलिसीत सांगितली जाते, निकाहनाम्यावर लिहिली जाते. अनेक घरांत ती आयुष्यभर दिली जात नाही. नवरा वारला की जनाजा उठण्यापूर्वी बायका त्या विधवेला म्हणतात, "मेहर माफ कर." मय्यत समोर असताना कोणती बाई नाही म्हणेल? रस्म पुरी झाली; तिचा हक्क मात्र बुडाला. असे मेहर माफ करवून घेणे आणि त्या मूर्ती जाळणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे कोणाच्या तरी वाट्याचे असते ते राख होते, आणि कोणी हूं की चूं करत नाही.

पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. पीकच्या किल्ल्यात 'हे कशासाठी?' असे विचारले तर उत्तरच नाही. ग्रंथ आहेत, हेतू हरवला आहे. आपल्याकडे उत्तर आहे. मेहर हा स्त्रीचा हक्क आहे, हे कुरआनात स्पष्ट आहे. नियतीशिवाय इबादत नाही, हे आपण लहानपणी शिकलो. म्हणून 'का?' विचारणारा आपल्या घरात बंडखोर ठरू नये. तो रस्म मोडत नसतो, तिचा विसरलेला अर्थ मागत असतो.

हा प्रश्न जनाजा उठण्याची वाट न पाहता विचारायला हवा. ज्यांचे मेहर अजून द्यायचे राहिले आहे, त्यांना तो आजच स्वतःला विचारता येईल.