खेळत्या बाळाला औषध का?

सिकलसेल असलेले बाळ तापाने फणफणले की आपण कोणाला न विचारता दवाखान्याकडे धावतो. खरी कसोटी लागते ते बाळ अंगणात खेळत असताना. काही दुखत नाही, मग रोज औषध कशाला?

कारण या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि साधा वाटणारा ताप काही तासांत जीवावर बेतू शकतो. अमेरिकेत तीन महिने ते तीन वर्षे वयाच्या अशा १०५ बालकांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिले गेले, ११० बालकांना दिले गेले नाही. पहिल्या गटात दोघांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या गटात तेरा जणांना, आणि त्यातली तीन बाळे दगावली. फरक दिसताच तो अभ्यास आठ महिने आधीच थांबवण्यात आला. हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्या तीन बाळांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत. मात्र आपल्या लेकराच्या औषधावर त्यांचे ऋण आहे, असे आम्ही मानतो.

हायड्रॉक्सीयुरियाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हे औषध रक्ताच्या कर्करोगातही वापरतात, हे कळताच आईच्या पोटात गोळा येतो. ते स्वाभाविकच आहे! पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नऊ ते अठरा महिन्यांची असताना हे औषध सुरू केलेल्या बाळांना वेदनेचे झटके आणि हातापायांची सूज कमी आली.

‘बाळाला विचारता येत नाही, मग त्याच्या वतीने आम्ही कसे ठरवावे?’ असे पालक म्हणतात. औषध न देणे हेही ठरवणेच आहे, आणि त्याची झळ बाळालाच बसते. ‘देवाची इच्छा’ म्हणून हात झटकणे आम्हांला पटत नाही.

तरीही सगळा भार आईबापांवर टाकणे अन्यायाचे होईल. १ जुलै २०२३ रोजी सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पण नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवरून, किंवा घर सोडून वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला, रक्ततपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. त्या दिवसाच्या एसटीच्या भाड्याची आणि घरातल्या इतर मुलांची सोय शेजारी म्हणून आपल्यापैकी कोण करील?